पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेली गादी

मित्रांनो, मी एक स्वस्तातली गादी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही माझ्या फुलाफुलांच्या खोळीवर भुलाल. आतला माल म्हणजे सूतगिरणीत उरलेला करडा कापूस आणि शिंप्याकडच्या चिंध्या, मशीनवर एकत्र पिंजलेल्या. मला त्याची लाज वाटत नाही. महागड्या गाद्या घेणाऱ्यांइतकीच झोप स्वस्त गादी घेणाऱ्यांनाही येते.

माझा जन्म बारामतीजवळ जळोचीत झाला. महंमदभाई आणि त्यांची बायको मेहबूबबी यांचं तिथं गाद्यांचं दुकान आहे. महंमदभाई कापूस पिंजून खोळीत भरायचे आणि काठीनं झोडून सारखा करायचे. मेहबूबबी वीतभर सुईनं टाके घालायच्या. टाके असतात म्हणून कापूस जागेवर राहतो. मी दुकानातली सगळ्यात रुंद आणि सगळ्यात स्वस्त गादी होते, त्यामुळे माझ्या वाट्याला कापूस पातळ आला आणि टाके लांब लांब आले. पण दारात उभी केली की मी सगळं दार अडवायचे. तेवढ्यावर मी खूश होते.

मेहबूबबींची एक सवय होती. भाव सांगण्याआधी त्या गिऱ्हाइकाला विचारायच्या, हिच्यावर झोपणार कोण? एके दिवशी त्यांनी तो प्रश्न कळस गावच्या फुलाबाईंना विचारला. फुलाबाई बारामतीच्या मंडईत दोडकी विकून परत निघाल्या होत्या. दोडक्याला भाव मिळाला नव्हता, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या थोड्या घुटमळल्या आणि पाहुण्यारावळ्यांसाठी हवी आहे, असं म्हणाल्या. मेहबूबबींनी मला एका कोपऱ्यात उसवून आतला माल दाखवला. कधीमधी वापरायला ही चालेल, रोज झोपलं तर महिना-दोन महिन्यांत मधे खड्डा पडेल, असं स्वच्छ सांगितलं. फुलाबाईंनी मान हलवली आणि मला पिकअपमध्ये चढवायला लावलं.

घरी गेल्यावर कळलं की पाहुणा वगैरे कुणी नव्हता. फुलाबाईंची लेक वृषाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती रोज माझ्यावरच झोपणार होती, दुपारीसुद्धा. मी जीव तोडून तिला सांभाळलं. आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून हात झटकणं मला जमलं नाही, कारण पोरगी गोड होती. दिवस भरून तिला मुलगी झाली, तोवर माझा कापूस दोन्ही कडांना सरकला होता आणि मधे परात बसेल एवढा खड्डा पडला होता. कूस बदलताना वृषाली कण्हायची. मला फार वाईट वाटायचं.

बारशाला बावड्याहून तिच्या सासूबाई आल्या. त्या माझ्यावर टेकल्या आणि खालीच गेल्या. उठवायला दोघीजणी लागल्या. बाई मनानं वाईट नव्हत्या, पण बोलायला सडेतोड होत्या.

"विहीणबाई, अशानं हिची पाठ कायमची जाईल. आमच्यात पलंग हाय. रविवारी गाडी घेऊन येते."

वृषालीला जायचं नव्हतं. सासरचं घर माणसांनी भरलेलं. तिथं पलंग होता, पण चार दिवसांत ओट्यापुढं उभं राहावं लागणार, हे तिला माहीत होतं. सव्वा महिना तरी आईजवळ पडून राहावं, एवढीच तिची इच्छा होती. आणि ती माझ्यामुळे मोडत होती.

दुसऱ्या दिवशी फुलाबाईंनी मला गुंडाळून जळोचीला नेलं आणि दुकानात आदळलं. तुम्ही मला फसवलंत, असं मेहबूबबींना म्हणाल्या. रस्त्यावरचे दोघेतिघे थांबले. मेहबूबबींनी आवाज चढवला नाही. टाके उसवून त्यांनी मूठभर कापूस बाहेर काढला.

"ताई, दाखवला हुता त्योच माल हाय. पर इतक्यात येवढा खड्डा? पाव्हणं तरी कोण आलं हुतं?"

फुलाबाई पायरीवर बसल्या. 

"लेक आलीया बाळंतपणाला. लेकीसाठी हाय म्हणायचं आन् सगळ्यात स्वस्त मागायची, मला लाज वाटली भाभी."

मेहबूबबी त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

"लाजंनं घात केला बघा. त्याच पैशात मी अरुंद शिवली असती, दाबून भरली असती. एकटीला येवढी रुंदी कशाला पायजे?"

मित्रांनो, मग माझी रुंदी गेली. ज्या रुंदीचा मला तोरा होता, तीच कात्रीनं निम्मी केली. रडू आलं, पण कळत होतं की हे बरोबर चाललंय. महंमदभाईंनी माझा कापूस पुन्हा पिंजला, त्यात थोडा चांगला मिसळला आणि सगळा त्या अरुंद खोळीत ठासून भरला. मेहबूबबींनी जवळजवळ टाके घातले. पिंजण्याच्या मजुरीशिवाय काही घेतलं नाही. आठवड्याला ऊन दाखवा, उलटीपालटी करा आणि दुमडून ठेवू नका, एवढं मात्र दोनदा बजावलं.

रविवारी सासूबाई गाडी घेऊन आल्या. आल्या आल्या माझ्यावर बसल्या. मी कापूस घट्ट धरून होते. त्या खाली गेल्या नाहीत. हातानं इथं तिथं दाबून पाहिलं, वृषालीचा चेहरा पाहिला, जेवल्या आणि सव्वा महिना होऊ द्या म्हणून एकट्याच परत गेल्या.

पुढं वृषाली तीन महिने राहिली. बाळानं माझ्यावर हक्कानं सू केली आणि मी उन्हात वाळत हसत राहिले. निघायच्या दिवशी फुलाबाई मला माळ्यावर टाकायला उचलू लागल्या, तेव्हा वृषालीनं त्यांचा हात धरला.

"माळ्यावर न्हाय टाकायची. आता तू झोपायचं हिच्यावर."

मला कशाला, मला खालीच झोप लागते, असं फुलाबाई म्हणाल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतके महिने त्या माझ्या शेजारी सतरंजीवर झोपल्या होत्या आणि माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं की त्यांनाही पाठ आहे.

वृषालीला घेऊन गाडी गेली. भर दुपारी फुलाबाई आल्या, कडेला टेकल्या, कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि हळूच पाय सरळ केले. पाच मिनिटांत घोरू लागल्या.

म्हणून सांगते, मित्रांनो, गादी स्वस्त घ्या, बिनधास्त घ्या. तिच्याकडून दहा वर्षं मागू नका, आणि जेवढी देईल तेवढ्यासाठी तिला ऊन दाखवा. पण तुमच्या घरात सतरंजीवर कोण झोपतं, ते आजच जाऊन बघा.