वर्लिनच्या कमरेला मावेल असं पिस्तूल

शुक्रवारी सकाळी वजनकाट्यावर वर्लिनचा आकडा एकशे बेचाळीस पौंड आला. आदल्या शुक्रवारी एकशे चव्वेचाळीस होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, एकशे चाळीसच्या खाली गेलात तर पोटात पुन्हा नळी घालावी लागेल, आणि या वेळी ती लवकर निघेल असं मी सांगत नाही. माझे डोळे काट्यावर होते. माझ्या नवऱ्याचे आरशावर.

"नेडीन, बघ गं. दिसतंय का?"

"शर्टात इस्त्री लपवल्यासारखं दिसतंय," मी म्हणाले. "आणि तुझी पँट गुडघ्याकडे निघालीय, ती आधी धर."

बावीस वर्षं हा माणूस ते पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तुलाचं धूड उजव्या कमरेला लावून गावभर फिरला. तेव्हा अडीचशे पौंडांचा ऐवज होता. मांसाच्या वळकटीखाली ते असं गडप व्हायचं की काढताना त्याला स्वतःलाच चाचपावं लागे. फेब्रुवारीत डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढला. पिस्तूल होतं तेवढंच राहिलं, माणूस निम्म्यावर आला. आता हाडावर कातडी आणि कातडीवर ते लोखंड. शर्ट कुठलाही घाला, मुठीचा कोपरा बाहेर डोकावणार.

हे सगळं कशासाठी, तर चर्चमधल्या खुर्चीसाठी, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे रविवारी दाराशी राखणीला चार माणसं बसतात. त्यांच्या कमरेला काय असतं ते सगळ्यांना ठाऊक, पण ते कुणालाही दिसता कामा नये, असा नियम. ज्याचं दिसलं तो बाद. वर्लिनची खुर्ची दाराच्या डाव्या अंगाची होती. तो दवाखान्यात गेला आणि तिथे दुसरा कुणी बसू लागला. मला वाटलं, हेच याच्या मनाला लागलंय. पुरुषांचं असंच असतं. जठर गेलं तर रडले नाहीत, खुर्ची गेली तर जेवण तुटतं.

आणि जेवण खरोखरच तुटलं होतं. त्याहून वाईट म्हणजे झोप. घरी आल्यापासून हा रात्री घरात फेऱ्या मारायचा, खिडक्यांच्या कड्या बघायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप नसेल तर खाल्लेलं अंगी लागणार कसं? मी तरी काय करणार? माणसाला थोपटून झोपवायचं वय त्याचंही गेलं आणि माझंही.

शनिवारी आम्ही रॉइसच्या दुकानात गेलो. रॉइस टिडवेल हा वर्लिनचा शाळेपासूनचा मित्र, आणि आमच्या तालुक्यातल्या निम्म्या बंदुका त्याच्याच काचेखालून गेलेल्या. वर्लिनने सोबत पिस्तुलाच्या म्यानांचं, होल्स्टरांचं खोकं आणलं होतं. असं खोकं इथे घरोघरी असतं, चुकलेल्या खरेदीचं. कातडी, प्लास्टिकची, घोट्याला बांधायची, काखेत अडकवायची. रॉइसने आत डोकावून पाहिलं.

"यातलं एकही आता तुला धरणार नाही, मित्रा. तुला कंबरच उरली नाहीये. काय रे, घरी उपाशी ठेवते का ही?"

"ती वाढते. मीच टाकतो," वर्लिन म्हणाला.

"हे घे." रॉइसने काचेखालून एक चिमुकलं पिस्तूल काढलं, मॅगझिन काढून, आत गोळी नाही ना ते बघून त्याच्या हातात दिलं. "बारीक माणसाला बारीक वस्तू. खिशात टाक, चाव्या समज."

वर्लिनचा चेहरा उजळला. माझा पडला, कारण चूक माझ्या डोळ्यांसमोर होत होती. मी खोकं उचललं आणि दोघांच्या मागे निघाले.

दुकानामागे मातीचा बांध घातलेली नेमबाजीची जागा आहे. रॉइसने गोळ्या भरून दिलेलं ते चिमुकलं वर्लिनने उचललं. मूठ इतकी आखूड की त्याची दोन बोटं हवेत. पहिल्याच गोळीला ते असं उसळलं की अंगठ्यामागची कातडी सोलली. पाच गोळ्या झाल्या, कागदाला एक लागली, तीही काठावर. मग पुन्हा गोळी चढवायला त्याला वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढायची होती. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग आखूड, म्हणून भारी ताठ असते. वर्लिन चिमटीत धरून ओढत राहिला. मान लाल झाली, पण ती अर्धीसुद्धा हलेना. एकेकाळी हा माणूस ट्रॅक्टरचं चाक एकटा उभं करायचा. रॉइसने हळूच तोंड फिरवलं आणि कुंपणाकडे बघत बसला.

तो क्षण मला सोसला नाही. कारण उत्तर माझ्याजवळ होतं. अगदी जवळ म्हणजे त्याच वेळी माझ्या कमरेला होतं, नऊ वर्षांपासून रोज असतं तसं. आणि वर्लिनला त्याचा पत्ता नव्हता.

आता हे सांगायलाच हवं. मी रिकामी घरं गिऱ्हाइकांना दाखवते, तेच माझं काम. नऊ वर्षांपूर्वी एका माणसाला तळ्याकाठचं घर दाखवायला नेलं आणि आत शिरताच त्याने दाराला आतून कडी लावली. काही झालं नाही. मी बोलत बोलत स्वयंपाकघरात गेले, मागच्या दाराने पळाले, गाडीत बसले आणि थेट पेट्रोलपंपापर्यंत श्वास घेतला नाही. घरी येऊन बिस्किटं भाजली. वर्लिनला सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवसापासून माझं काम बंद केलं असतं, किंवा सावलीसारखा मागे फिरला असता. म्हणून दोन गावं पलीकडे एका बाईकडे पिस्तूल शिकायला गेले. शिकले, विकत घेतलं, घरी आल्यावर शिवणाच्या कपाटात कुलपात ठेवू लागले. त्या कपाटाला नवरा हात लावत नाही, बटण तुटलं तर शर्ट बदलतो. पहिल्या महिन्यात सांगायचं राहिलं. पुढे सांगणं अवघड होत गेलं. आणि हा माणूस चारचौघांत म्हणायचा, "माझी नेडीन म्हणजे झाडूची काठी. तिच्या अंगावर पेन्सिल लपवायची म्हटली तरी जागा नाही." मग तर मी हट्टालाच पेटले.

शनिवारी काहीच न घेता आम्ही परतलो. घरी त्याने आपलं जुनं धूडच नव्या पट्ट्याने पाठीला, कण्याजवळ बांधलं.

रविवारी चर्चच्या दारात मिस ओपल उभ्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला कडकडून मिठी. आधी मला मिठी मारली, गालाला गाल लावला, म्हणाल्या, "काय गं, तूही वाळलीस की." मग वर्लिनला. त्यांचा हात त्याच्या पाठीवर गेला आणि तिथेच थांबला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या बोलतात मोठ्याने.

"वर्लिन बाळा, हे हाड तुला ऑपरेशनच्या आधी नव्हतं!"

सगळा व्हरांडा हसला. वर्लिनही हसला. पाद्री त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ब्रदर वर्लिन, आधी जरा बाळसं धर. खुर्ची कुठे पळून जात नाही." तो मग माझ्या शेजारी मधल्या बाकावर बसला, मांडीवर हात ठेवून, बायकांमध्ये. नंतरच्या जेवणात मी ताट वाढून दिलं. तळलेलं चिकन, मक्याचा पाव, त्याला आवडणारी घेवड्याची भाजी. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट माझ्याकडे सरकवलं. ताट उचलताना मी मनात काट्याचा आकडा मोजला. दोन पौंड. दोनच पौंड राहिले होते.

घरी आल्यावर पुढच्या ओसरीत त्याने पट्टा सोडला, पिस्तूल रिकामं करून मेजावर ठेवलं आणि धपकन खुर्चीत बसला.

"संपलं, नेडीन. मला मावेल असं काही नाहीच. आता मी असाच."

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मी काय घातलंय?"

"काय म्हणजे? तो चौकड्याचा शर्ट."

"आणि?"

"आणि काय? आता कोडी घालू नकोस गं."

"मिस ओपलनी आज मला मिठी मारली. गेल्या नऊ वर्षांत साडेचारशे वेळा मारली असेल. त्यांना काही लागलं नाही." मी शर्ट वर केला.

वर्लिन बघत राहिला. तोंड उघडं. तोंडात मारल्यासारखा.

मग माझी जीभ सुटली ती थांबेना. त्या दाराची कडी, स्वयंपाकघर, दोन गावं पलीकडची बाई, शिवणाचं कपाट, सगळं सांगितलं. आता हा भडकणार म्हणून मी श्वास धरून होते. पण त्याने विचारलं ते भलतंच.

"मी दवाखान्यात होतो तेव्हा?"

"दवाखान्यात आत नेऊ देत नाहीत. गाडीत कुलपात असायचं."

"ते नाही विचारत. रात्री. तू इथे घरी एकटी असायचीस तेव्हा?"

"तेव्हा उशाशी."

"वापरता येतं? नीट?"

"रॉइसच्या कागदावर काल तू जे केलंस, त्यापेक्षा पुष्कळ बरं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलू लागले. मला वाटलं हसतोय. हसत नव्हता.

"सत्तेचाळीस रात्री, बाई!" तो म्हणाला. "सत्तेचाळीस रात्री मी त्या खाटेवर छताकडे बघत काढल्या. ही रस्त्याच्या टोकाला एकटी, मैलभर शेजार नाही, बंदुकीला हात लावत नाही. कोणी आलं तर काय करेल? आणि घरी आलो तर माझ्या हातात स्लाइड ओढायची ताकद नाही. कोणी आलं तर मी तरी काय करणार? रोज रात्री हेच. आणि तुझ्या उशाशी... एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी झोपलो असतो गं!"

"मला वाटलं तुला खुर्ची हवीय."

"खड्ड्यात गेली ती खुर्ची! तिथे पाठ अवघडते."

आता रडायची पाळी माझी होती. एवढे दिवस मी त्याच्या ताटात काय वाढावं याचा घोर लावून घेतला होता, आणि त्याची भूक परत आणणारी गोष्ट मीच कुलपात ठेवली होती. स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की ओसरीचा खांब धरावा लागला.

डोळे पुसून तो म्हणाला, "दाखव. कसं लपवतेस ते दाखव."

मग मी माझ्या नवऱ्याला, आयुष्यभर बंदुका बाळगलेल्या माणसाला, धडा दिला. माझं पिस्तूल रिकामं केलं, त्याला दोनदा दाखवलं, आणि त्याच्या हातात ठेवलं. ते बारकं नाही, चपटं आहे. जाडी बोटभर, पण मूठ पुरी हातात बसते.

"नळी लांब असली तर बिघडत नाही," मी म्हणाले. "ती पँटच्या आत जाते, कोण बघतंय? उघडं पाडते ती मूठ. आणि कमरेच्या हाडावर कशाला लावतोस? तिथे आपल्यासारख्यांना मांस नाही. पुढे लाव, बकलाच्या उजव्या अंगाला, हाड आणि पोटाच्या मधल्या खळग्यात."

"आपल्यासारख्यांना!" तो म्हणाला. "बघा कोण मला बारीक म्हणतंय."

"गप्प उभा राहा. होल्स्टरमागे ही फोमची पाचर दिसते ना? ती खालून ढकलते, म्हणजे मूठ पोटाला चिकटते. पट्टा ताठ हवा. शर्ट चौकड्याचा, एक माप मोठा."

"आणि स्लाइड?"

"ही तेवढी ताठ नाही. आणि चिमटीत धरून ओढू नकोस. वरून अख्ख्या पंजात आवळ, छातीशी घे, नळी समोरच्या शेताच्या बांधाकडे ठेव, आणि खालच्या हाताने पिस्तूल पुढे ढकल. ताकद खांद्यातून येते."

त्याने केलं. पहिल्या खेपेला सरकली. दुसऱ्या खेपेला सरकली. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे बघत, मुद्दाम सावकाश केली. मग ते पिस्तूल माझ्या होल्स्टरसकट कमरेला लावून आणि माझा दुसरा चौकड्याचा शर्ट अंगावर चढवून आरशासमोर गेला, पुढून बघितलं, बाजूने बघितलं, खाली वाकून बुटाची नाडी बांधली. काही म्हणजे काही दिसलं नाही.

"उद्या रॉइसकडे जाऊ," तो म्हणाला. "असंच एक घेऊ. तुझं तुझ्याकडे राहू दे."

"कुठे जाणार आहे ते?"

"कुठे जाऊ नये म्हणून तर सांगतोय."

माझं मला परत देऊन तो खुर्चीत टेकला. मी दोन्ही पिस्तुलं आत नेऊन कुलपात ठेवली आणि बाहेर आले, तर मान एका बाजूला कलंडलेली. घोरत होता. फेब्रुवारीपासून मी ते घोरणं ऐकलं नव्हतं, आणि एकेकाळी त्याच घोरण्यापायी मी उशी घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. दुपारचे दोन वाजले होते. मी शेजारच्या खुर्चीत बसून राहिले. टपालाची गाडी नसते रविवारी, पण कुणाची तरी गाडी खडी उडवत गेली. तो हललाही नाही. एकदा फोन वाजला, मी धावत जाऊन उचलला आणि पलीकडच्याला नाव न विचारताच "नंतर करा" म्हणून ठेवून दिला.

सहा वाजता त्याने डोळे उघडले. जरा वेळ कुठे आहोत ते त्याला कळेना. मग पोटावर हात ठेवून, कुणाचं तरी ऐकल्यासारखा, थांबला.

"नेडीन," तो म्हणाला, "भूक लागलीय."

माझा जीव भांड्यात पडला. मी तशीच उठले. आत गेले, कढईत लोणी टाकलं, चार अंडी फोडली आणि रडत रडत ढवळत राहिले. बाहेरून तो ओरडून सांगत होता, मीठ नीट घाल, गेले सात महिने तुझ्या हाताला चव नाही.