विजयाबाईंच्या उशाजवळचे पुस्तक

मित्रांनो, माझे कव्हर कधीच गळून पडले आणि त्यासोबत माझे नावही गेले. त्यामुळे मला काय म्हणतात ते सांगता येणार नाही. मी एक जुने, हसवणारे पुस्तक आहे. दर वेळी चुकीच्या लग्नात जाऊन पोहोचणाऱ्या एका बँडपथकाची गोष्ट माझ्या पोटात आहे.

पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. नगरच्या एका दुकानात मी बरेच दिवस पाटी-पेन्सिलींच्या मागे पडून होते. तिथून मला विजयाने उचलले. ती तेव्हा शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत होती. दुकानातच तिने चार पाने वाचली आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की दुकानदाराने चष्मा वर करून पाहिले.

पुढे तिच्या विजयाबाई झाल्या, आणि मी त्यांच्या उशाजवळचे पुस्तक झाले. वडील गेले तेव्हा त्यांनी मला वाचले. कर्जतला एकटीची बदली झाली, खोलीत बोलायला कोणी नव्हते, तेव्हा वाचले. मुलगा केदार विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्याच्या कपाळावर पट्टी ठेवता ठेवता वाचले. माझी शिवण सुटली तेव्हा मैद्याची खळ लावून त्यांनी मला पुन्हा बांधले. त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव कोर्टात कारकून होते. त्यांना या वाचनाचे नवल वाटे.

"अगं, पुढे काय होणार ते ठाऊक आहे ना तुला? मग परत काय वाचतेस?" ते विचारत.

"ठाऊक आहे म्हणूनच वाचते," विजयाबाई म्हणत.

असे आमचे बरे चालले होते. दोघेही निवृत्त होऊन नेवाशाच्या घरी राहात होते. मग चौऱ्याण्णव सालातला तो रविवार उजाडला.

विजयाबाई ओट्यावर खुर्चीत बसून मला वाचत होत्या. हसत होत्या. अचानक त्यांचा उजवा हात सैल पडला आणि मी फरशीवर आपटले. मला वाटले, हसू आवरेना म्हणून हात सुटला. मी खालून वर पाहिले. त्यांचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. डोळे माझ्याकडेच होते, पण हसू त्यांतून निघून गेले होते.

शेजारच्या रंगुबाई भाजीची पाटी घेऊन दारात आल्या आणि किंचाळल्या, "आवं काका, भायेर या! बाईंचं त्वांड बगा, कसं वाकडं झालंय!"

यज्ञेश्वरराव धावत आले. "विजया, अगं बोल ना! काय होतंय?" त्या बोलायला गेल्या, पण घशातून नुसता आवाज आला. शब्द नव्हता. यज्ञेश्वरराव त्यांना नुसते हाका मारत राहिले. शेवटी रंगुबाईंनीच जीप बोलावली. घाईघाईत पिशवीत टॉवेल, तांब्या कोंबला गेला, आणि फरशीवर पडलेले मीही.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचलाय. पण वाचा गेलीय, आणि वाचताही येईल असं नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा."

माझा विश्वास बसेना. वाचता येणार नाही? विजयाबाईंना? यज्ञेश्वररावांनाही ते पटले नसावे. त्यांनी मला पिशवीतून काढले आणि बाईंच्या डाव्या हातात दिले.

मित्रांनो, त्या क्षणासारखा धक्का मला कधी बसला नाही. ज्या डोळ्यांनी माझी ओळन् ओळ इतकी वर्षे कुरवाळली, ते माझ्यावरून फिरले आणि कुठेही थांबले नाहीत. धूळ पुसावी तशी त्यांनी माझ्या अक्षरांवरून बोटे फिरवली. अक्षरे तशीच राहिली. मग त्यांनी मला दूर लोटले आणि भिंतीकडे तोंड केले. त्यांचे खांदे हलत होते.

यज्ञेश्वररावांनी मला उचलले. बोलत राहा, असे डॉक्टर म्हणाले होते, पण काय बोलायचे ते त्यांना सुचेना. इतक्या वर्षांच्या संसारात बोलायचे काम बाईंनीच केले होते. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि पहिल्या पानापासून मला वाचायला सुरुवात केली. कोर्टातली नोटीस वाचावी तसे! विनोद आला तरी आवाज हलत नव्हता. मला तर रडूच येत होते. तरी ते रोज दुपारी वाचत राहिले. केदार पुण्याहून आला, चार दिवस राहिला, गेला. रंगुबाई डबा घेऊन येत, कोपऱ्यात बसून ऐकत. बाई भिंतीकडेच पाहात.

एका दुपारी बँडमास्तराचे वाक्य आले. खळीच्या डागाने तिथली अक्षरे पुसट झाली होती. यज्ञेश्वररावांनी वाचले, "नवरदेव बदलला तरी चालेल, पण साल बदलायचं नाही."

"ताल."

कोण बोलले ते कोणालाच कळेना. यज्ञेश्वररावांनी दाराकडे पाहिले, रंगुबाईंकडे पाहिले. मग विजयाबाई भिंतीकडून इकडे वळल्या. वर्गात चुकणाऱ्या मुलाकडे बघावे तशा त्या नवऱ्याकडे बघत होत्या. "ताल," त्या पुन्हा म्हणाल्या. "ताल!"

"काका, बाई बोलल्या!" रंगुबाई उठून उभ्या राहिल्या. "आवं, बाई बोलल्या की!"

यज्ञेश्वररावांनी ते वाक्य पुन्हा वाचले, या वेळी ताल म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून ते मुद्दाम चुकू लागले. वरातीला करात म्हणत, सनईला मलई म्हणत. कधी बाई नुसत्या चिडत, कधी शब्द सापडे. घरी आल्यावर डाव्या हाताचे बोट माझ्या ओळीखाली फिरवत त्यांनी मुळाक्षरांपासून पुन्हा सुरुवात केली. फार हळू चालले होते. कित्येकदा रागाने त्यांनी मला फेकलेही. पण मी तक्रार केली नाही.

पावसाळ्यात एके सकाळी त्यांनी माझ्यावरचे बोट उचलले आणि शेजारच्या वर्तमानपत्रावर ठेवले. मला वाईट वाटले. ओठ बराच वेळ हलत राहिले. "प्र... व... रा," त्या म्हणाल्या. "प्रवरा."

प्रवरा नदीच्या पुराची बातमी होती. यज्ञेश्वररावांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. आणि मी? मी थक्क होऊन पडून राहिले. कारण मित्रांनो, प्रवरा हा शब्द माझ्यात कुठेही नाही.

आता माझी पाने पिवळी पडली आहेत, कडा चुरतात. त्याचे मला दुःख नाही. तुमच्याकडे एकच विनवणी आहे. घरात माझ्यासारखे फाटके पुस्तक दिसले तर त्याला रद्दीत टाकू नका, थोडी खळ लावा. आणि आई, बाबा, आजी, जे कोणी तुमचे असेल, त्यांचे आवडते पुस्तक कोणते आहे, ते आजच विचारून ठेवा. त्यांना सांगता येते आहे तोवर.