उतरताना सुट्टे घ्या

मित्रांनो, कातडं एकदा कमावलं की त्याला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. मला वाटायचं, त्याला लाजही लागत नसेल. पण ती लागते. म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

मी कंडक्टरची पिशवी. पेण ते रोहा या रस्त्यावर एकोणीस वर्षं लाल गाडीतून फिरले. जाड म्हशीच्या कातड्याची, तीन कप्प्यांची, पितळी बटणाची. एका कारखान्यात माझ्यासारख्या पाचशे पिशव्या एकदम शिवल्या गेल्या आणि त्यातली मी रघुनाथ मास्तरांच्या वाट्याला आले. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला खोबरेल तेल चोळलं आणि खांद्यावर अडकवून आरशात पाहिलं. त्यांची बायको शिल्पा दारातून हसत होती. "बाई आणलीत की काय दुसरी?" असं ती म्हणाली. मला फार अभिमान वाटला.

सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली. पहाटे रामवाडीतल्या घरून निघायचं, स्टँडवर यायचं, मग वडखळ, नागोठणे, भिसे खिंड आणि रोहा. दिवसातून तीन फेऱ्या. मास्तर घरून निघताना पन्नास रुपयांची चिल्लर स्वतःच्या पैशांनी आणायचे, प्रवाशांची अडचण होऊ नये म्हणून. एखादा प्रवासी पैसे विसरून उतरला, तर धावत्या गाडीतून हाक मारून त्याच्या हातात नाणं टाकायचे. "रघू मास्तर म्हणजे चोख माणूस," असं लोक म्हणायचे. ते ऐकून माझं बटणसुद्धा ताठ व्हायचं.

मग एक दिवस हिशेबात चाळीस रुपये कमी आले. ते मास्तरांना खिशातून भरावे लागले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेरा. मास्तर चिडले. त्याच दिवशी नागोठण्याला एक माणूस आपले सहा रुपये न घेताच उतरून गेला. मास्तरांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी पाहिलं.

आठवड्याभराने त्यांनी स्टँडबाहेरच्या चांभाराकडून माझ्या आत एक चोरकप्पा शिवून घेतला. चांभाराने विचारलं, "कशाला हो मास्तर?" तर म्हणाले, "किल्लीला." त्या कप्प्यात किल्ली कधीच आली नाही.

मित्रांनो, "सुट्टे नाहीत, उतरताना घ्या," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. तिकिटाच्या मागे बॉलपेनने आकडा लिहून द्यायचा. दहापैकी सहा जण उतरताना मागून घ्यायचे. दोघे विसरायचे, दोघांना मागायचा संकोच वाटायचा. त्या चौघांचे पैसे माझ्या चोरकप्प्यात. कधीकधी मी नाण्यांनी गच्च भरलेली असायचे आणि तरी मास्तर म्हणायचे, "सुट्टे नाहीत." गाडी खड्ड्यात गेली की मी खुळखुळायचे. तेव्हा ते माझ्यावर पंजा दाबून धरायचे. त्या पंजाचा ओलसर घाम मला अजून आठवतो. मी ओरडू शकत नव्हते हे खरं. पण खुळखुळणंही मी हळूहळू कमी केलं, हेही खरं आहे.

नोटा असतील तर त्या भाजी-चहात जायच्या. नाणी मात्र घरी पंधरा किलोच्या रिकाम्या तेलाच्या डब्यात पडायची. शिल्पाने एकदा विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "पगारातली उरलेली चिल्लर. साठवतोय." तिला केवढं कौतुक! शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांना एका पैशाची उधळपट्टी नाय." अशी बारा वर्षं गेली आणि डबा काठापर्यंत भरला.

मग दिवस बदलले. लोक मोबाइलवरून भाडं देऊ लागले. डेपोने कापडी पिशव्या दिल्या आणि मला मोडीत काढलं. मास्तरांनी मला मागून घरी नेलं. गेल्या मे महिन्यात तेही निवृत्त झाले. हारतुरे झाले, भाषणं झाली. एका साहेबांनी "सचोटी" हा शब्द तीनदा वापरला. मी घरी खुंटीवर होते, पण मास्तरांनी घरी येऊन ते शिल्पाला सांगितलं आणि सांगता सांगता पाणी प्यायला उठले.

पावसाळा सरत आला तेव्हा शिल्पाने डबा खाली काढला. आयुष्यभर नवरा गाडीत, आणि ती त्याच्याबरोबर एकदाही कुठे गेलेली नव्हती. चिल्लर बँकेत भरायची आणि दोघांनी गणपतीपुळ्याला जाऊन यायचं, असं तिने ठरवलं. बँकेत सांगितलं होतं, नाणी वेगळी करा, शंभर-शंभरच्या थैल्या करून आणा. तिने ओटीवर जुनी चादर पसरली आणि डबा पालथा केला. दहाचे, पाचचे, दोनचे, रुपयाचे असे ढीग लावायला बसली. मोजलेल्या थैल्या ठेवायला तिने मला खाली काढलं. चार दिवस हे काम चाललं. मास्तर तिथे फिरकायचे नाहीत. ती हाक मारायची, "अहो, जरा हात लावा की!" ते म्हणायचे, "तुझंच काय ते चालू दे."

चौथ्या दिवशी, मंगळवारी, वनिता आली. वनिता म्हणजे भिसे खिंडीखालच्या कातकरवाडीतली. मंगळवारी ती पेणला रानभाजी विकायला यायची आणि उरलेल्या जुड्या रामवाडीत दारोदार घेऊन फिरायची. त्या दिवशी तिच्याकडे करटोली होती. चादरीवरचे ढीग पाहून ती उंबऱ्याशीच थबकली.

"वैनी, येवढी चिल्लर! मला शंभराची देता का? नोट देते."

"घे की गो. दोनशेची घे. बँकेत वाहून नेण्यापेक्षा बरं." शिल्पाने पाचपाचची चळत सरकवली. "पण तुला कशाला लागते एवढी?"

"गाडीभाड्याला. मी बरोबर भाडं मोजून पदराला बांधते. वाडीतून रोहा येगळी गाठ, वाडीतून पेण येगळी गाठ. सुट्टे नसले तं चालत जाते, पन नोट घेऊन गाडीत चढत नाय."

"का गो? परत देतात की कंडक्टर."

"देतात. एकदा नाय दिले."

करटोली वजन करता करता, अगदी साध्या आवाजात तिने सांगितलं. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तिची दिपिका तेव्हा तीन वर्षांची, तापाने फणफणलेली. तिला रोह्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. वनिताने शंभराची नोट दिली. भाडं बारा रुपये. अठ्ठ्याऐंशी रुपये तिकिटाच्या मागे लिहून मिळाले. वाटेत पोर ओकली. तिने हाताला लागेल त्याने पुसलं, त्यात तिकीट गेलं. रोह्याला उतरून तिने पैसे मागितले.

"तो बोलला, तिकीट दाव. मी बोलले, दादा, तुमीच लिवलंत नं हाताने, पोरीनं घाण केली त्यात गेलं. तो बोलला, तिकीट नाय तं पैसे नाय. डाक्टरनी औषद भायेरून लिवून दिलं व्हतं. पैसेच नाय तं कुठनं आनू? पोरीला कडेवर घेतली नि खिंडीपर्यंत चालत आले. रात्रभर थंड पान्याच्या पट्ट्या ठेवल्या. जगली पोर. देवाची दया."

मित्रांनो, मला सगळं आठवलं. रोह्याच्या स्टँडवर ती बाई उभी होती. लुगड्यावर ओकारी, कडेवर मान टाकलेली पोर. मास्तरांना आकडा ठाऊक होता. आठशे नव्हे, ऐंशी नव्हे, अठ्ठ्याऐंशी. मी त्यांच्या खांद्यावर भरलेली होते. ते चहा प्यायला गेले आणि मी त्यांच्या कमरेवर आपटत निमूट गेले. आणखी एक गोष्ट सांगायला तर मला फारच जड जातं. त्यानंतरही, मी गाडीत होते तोवर, वनिता दर मंगळवारी आमच्याच गाडीत चढायची आणि अचूक नाणी पुढे करायची. मास्तर ती घटना विसरून गेले होते. ते भरल्या गाडीत सगळ्यांना म्हणायचे, "बघा, ह्या बाईकडून शिका! नेहमी सुट्टे देते." ती खाली बघायची. मला वाटायचं, लाजली.

शिल्पा म्हणाली, "मेल्याच्या जिवाला काही वाटलं कसं नाय! कोण होता गो तो?"

वनिताने मान वर केली, तर आतल्या दारात मास्तर उभे होते. बनियनवर, हातात चहाचा कप. हे घर कुणाचं आहे हे तिला त्या क्षणी कळलं. तिने मास्तरांकडे पाहिलं, मग शिल्पाकडे, मग त्या नाण्यांकडे. पटकन टोपली ओढून घेतली.

"आठवत नाय वैनी. लई वर्सं झाली. कोन व्हता कोन जाने."

मास्तरांना तेवढ्यावर सुटता आलं असतं. ती बाई त्यांना सोडून देत होती. त्यांनी कप उंबऱ्यावर ठेवला.

"मी होतो," ते म्हणाले. "शिल्पा, तो मी होतो."

 शिल्पाने चादरीकडे बोट केलं. "आणि हे?"

"हे पण तसलेच."

शिल्पाच्या मांडीवर पाचाची नाणी होती. ती तिने झटकली, अंगावर काही पडल्यासारखी. रडली नाही. उठून आत गेली आणि मोरीत खूप वेळ हात धूत राहिली.

मास्तर खाली बसले आणि वनितापुढे एक अख्खी थैली ठेवली. ती म्हणाली, "नको. माजे अठ्ठ्याऐंशी व्हते." तिने तेवढेच मोजले. आपल्या दोन नोटा शिल्पाच्या जागेवर ठेवून दोनशेची चिल्लर वेगळी घेतली. करटोली तशीच ठेवून जायला निघाली, पण दोन पावलांवरून मागे आली. "वैनीला सांगा, भाजीचे वीस झाले." तेही घेतले आणि गेली.

गणपतीपुळ्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. ढीग तसेच पडून राहिले. मास्तर म्हणाले, देवळाच्या पेटीत टाकू. शिल्पा म्हणाली, "देवाचे घेतले होते का? ज्यांचे घेतले त्यांना द्या." मास्तर डेपोत गेले. तिथला कारकून कानकोंडा होऊन म्हणाला, "मास्तर, हे कुठल्या खात्यात जमा करू? जाऊ द्या ना आता." मास्तर परत आले, मला ओटीवरून उचललं, थैल्या भरल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पेणच्या स्टँडवर, रोहा गाडी लागते तिथल्या बाकावर बसू लागले. कुणाला भाड्याला पाच कमी पडले, दोन कमी पडले, की काढून द्यायचे.

झालं उलटंच. लोक त्यांना देवमाणूस म्हणू लागले. मास्तरांची मान दिवसेंदिवस खाली जात होती. मीही मांडीवर आक्रसून बसायचे. शिव्या सोसता आल्या असत्या, मित्रांनो, ते कौतुक सोसवत नव्हतं.

मागच्या आठवड्यात कॉलेजची एक मुलगी मोबाइल घेऊन पुढे आली. "काका, फोटो काढू? ग्रुपवर टाकते. तुमच्यासारखी माणसं कुठे असतात आता?"

मास्तर उठून उभे राहिले. "नको पोरी," ते मोठ्याने म्हणाले, इतक्या मोठ्याने की गाडीला थांबलेले सगळे वळले. "हे दान नाय. मी कंडक्टर होतो. लोकांचे सुट्टे दाबून ठेवले होते. ते हे."

मुलीचा मोबाइल खाली आला.  एकजण थुंकला. मग पलीकडच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. "मग माझे नागोठण्याचे सात रुपये पण असतील त्यात," ते म्हणाले आणि हात पुढे केला. चेष्टा नव्हती. मास्तरांनी सात रुपये मोजून दिले. म्हाताऱ्याने ते पुन्हा मोजून घेतले आणि खिशात टाकले. त्याच्यामागे एक बाई येऊन उभी राहिली. मग आणखी एक माणूस.

आता घरी निम्मा डबा उरला आहे. शिल्पा मास्तरांशी बोलते, पण कामापुरतं. सकाळी डबा मात्र तीच भरून देते, पोळी-भाजीचा.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा डबा असेल, गल्ला असेल. त्यात जरूर साठवा. नाणी वेगळी करा, मोजा, त्यातून हौस पुरवा. फक्त आत टाकताना प्रत्येक नाणं कुणाचं आहे ते नीट पाहा. आणि गाडीतून उतरताना आपले सुट्टे मागून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज आम्हाला वाटली पाहिजे होती, आणि ती फार उशिरा वाटली.