तलावापर्यंतची वाट

गोविंदा उकिडवा बसला, चंद्रशेखरनं मागून त्याच्या गळ्यात हात टाकले आणि गोविंदा नेहमीसारखा दम धरून उठला. चाकाची खुर्ची बांधाच्या पायथ्याशी ठेवायची, तिथून चंद्रशेखरला पाठीवर घेऊन बांध चढायचा आणि पलीकडं पाण्याच्या कडेला उतरायचं, हा हिवाळ्यातल्या दर रविवारचा रिवाज होता. त्या दिवशी मात्र अर्ध्या चढावर गोविंदाच्या कमरेतून कळ निघाली. वाळक्या गवतावरून पाय सटकला आणि दोघंही खाली घसरत आले.

गोविंदा कण्हत उठून बसला. चंद्रशेखर पालथा पडला होता. कमरेखालचं अंग हलत नव्हतं, त्यामुळं त्याला उताणंही होता येईना. गोविंदानं त्याला सरळ केलं, दुपट्ट्यानं त्याच्या तोंडातली माती काढली, खरचटलेला गाल पुसला. 

"घरी चाल बे," चंद्रशेखर म्हणाला. "आज पुरे."

चंद्रशेखर वीज कंपनीत लाईनमन होता. पिंपळगाव राजाच्या परिसरातला एकही खांब त्यानं सोडला नसेल. एका वादळानंतर तुटलेली तार जोडायला चढला आणि पडला. मणका गेला. त्यानंतर दोन वर्षं तो बौद्धपुऱ्यातल्या आपल्या घरात बाजेवर पडून छताकडं बघत राहिला. कोणी भेटायला आलं तर कूस वळवता येत नाही म्हणून डोळे मिटून घ्यायचा. गोविंदा त्याचा शाळेपासूनचा सोबती, कुणब्याच्या घरचा, थोडीबहुत शेती असलेला माणूस. त्याला समजूत घालणं जमत नसे. एका सकाळी त्यानं काही न विचारता चंद्रशेखरला पाठीवर उचललं आणि तलावावर नेऊन बसवलं. लहानपणी दोघं तिथं म्हशी चारायला यायचे, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्या दिवशी पाण्यावर चक्रवाक उतरले होते. नारिंगी अंगाचे, जोडीजोडीनं फिरणारे. चंद्रशेखर ऊन चढेपर्यंत बघत राहिला. घरी आल्यावर त्यानं अपघातानंतर पहिल्यांदाच सारिकाला, आपल्या बायकोला, स्वतः होऊन जेवायला मागितलं. सारिकानं गोविंदाला हे सांगितलं आणि पुढचा रविवार आपोआप ठरला. मग दुर्बीण आली, पक्ष्यांची पुस्तकं आली. कुणब्याच्या माणसानं चंद्रशेखरला असं पाठीवर घेऊन हिंडणं गावातल्या काहींना रुचलं नव्हतं. गोविंदानं ते ऐकलं आणि कानाआड केलं.

बांधावरून पडल्यानंतर गोविंदा बरेच दिवस कमरेला शेक घेत पडून होता. हिंडूफिरू लागला तेव्हा त्याला पानटपरीवर कळलं, की चंद्रशेखरनं ग्रामसभेत तलावापर्यंत सपाट रस्ता मागितलाय. बांधाला वळसा घालून जाणारा, खुर्ची चालेल असा. शिवाय पाण्याजवळ पक्षी बघायला एक आडोशाची खोली. वनखात्यानं मान्यही केलं होतं. टपरीवरचा एक जण हसत म्हणाला, की आता गोविंदाला सुट्टी.

ते गोविंदाच्या जिव्हारी लागलं. आपल्याला एका शब्दानं न विचारता यानं सगळ्या गावासमोर रस्ता मागावा? त्या रविवारी तो गेला नाही. पुढच्याही नाही. मग सारिकाच त्याच्या दारात आली. बस म्हटलं तरी ती बसली नाही.

"भाऊजी, तुम्ही काऊन येऊन नाही राह्यले?"

रस्ता होणारच आहे, मग माझं काय काम, असं काहीतरी गोविंदा पुटपुटला. 

"बांधावरून पडले त्या दिवशी हे जेवले नाही," सारिका म्हणाली. "मले म्हणे, मी मातीत पडलो त्याचं काही नाही. पण गोविंदा कसा कण्हला ते मी ऐकलं. त्याची कंबर गेली त त्याच्या लेकरायले मी काय तोंड दाखवू? तुम्हाले सांगाले यांची हिंमत नाही झाली. सांगतलं असतं त तुम्ही पुन्हा पाठ वाकवली असती."

हे खरंच होतं. 

उन्हाळ्यात काम सुरू झालं तसा तो रोज तिकडं जाऊ लागला. जड उचलायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून तो वाटेवरचे बाभळीचे काटे वेचायचा. वनरक्षक प्रेरणा नावाची तरुण मुलगी होती. ती चंद्रशेखरला खुर्चीत बसवून मुरमाच्या चढावर जायला सांगायची आणि चाक रुतलं तिथला चढ पुन्हा करून घ्यायची. खोलीची खिडकीही तिनं त्याच्या बसल्या डोळ्यांच्या उंचीला खडूनं आखली. चंद्रशेखर चढावर घामाघूम व्हायचा. अशा वेळी गोविंदाचे हात पुढं व्हायचे आणि तो ते खिशात घालायचा.

हिवाळा लागला. उद्घाटन झालं, नारळ फुटला, मंडळी पांगली. पुढच्या रविवारी पहाटेच दोघं निघाले. वळणावर गोविंदानं सवयीनं खुर्चीची मूठ धरली.

"राहू दे," चंद्रशेखर म्हणाला. "मी जातो."

खोलीत पोचल्यावर गोविंदा पाण्याकडं पाठ करून बसला. इतकी वर्षं तो असाच बसत आला होता, परतीच्या चढासाठी दम खात. चंद्रशेखरनं गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्यापुढं धरली.

"तू पाह्य. इतके साल माह्या वझ्यानं तुह्यी मान वर नाही झाली."

गोविंदानं दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी नुसतं धूसर पाणी दिसलं. मग त्यातून दोन चक्रवाक वर आले, इतके जवळ, की एकाच्या चोचीवरून ओघळणारा थेंबही दिसला.

"दिसून राह्यले का?"

"हाव," गोविंदा म्हणाला, आणि दुर्बीण बराच वेळ खाली केली नाही.

ऊन अंगावर आलं तेव्हा दोघं परत फिरले. वाट संपते तिथं गावाचा पार आहे. सकाळची माणसं तिथं उन्हाला बसली होती आणि तलावाकडंच बघत होती. चंद्रशेखर आपल्या बळावर येताना त्यांना दिसावा म्हणून गोविंदा बांधाच्या आडोशालाच थांबला. खाली वाकून चपलेचा धड असलेला अंगठा उगाच चाचपत राहिला. चंद्रशेखरची खुर्ची एकटीच पुढं गेली, पारासमोर आली, आणि तिथं बसलेली माणसं एकेक करून त्याच्यासाठी सरकून जागा करू लागली.