पासिंगचे टायर

दिघोरीत ट्रक तीन होते आणि चांगले टायर एका ट्रकापुरते. ही व्यवस्था गावातल्या कुठल्याही सोसायटीपेक्षा बिनबोभाट चालत आली होती.

ट्रकाचं वर्षातून एकदा पासिंग करावं लागतं. गाडी परिवहनच्या साहेबांसमोर उभी करायची, साहेबांनी ब्रेक, दिवे, टायर बघायचे आणि आणखी एक वर्ष ती रस्त्यावर फिरायला लायक आहे असं लिहून द्यायचं. दिघोरीचे ट्रक लायक होते, पण वर्षातून एकच दिवस. त्या दिवशी शकुंतलाबाईंच्या गोठ्यातून सहा चाकं बाहेर निघत, ज्याचं पासिंग असेल त्याच्या गाडीला लागत, लाखांदूरच्या शिबिराला जाऊन येत आणि संध्याकाळी परत म्हशीशेजारी. मग गाडीला तिचे रोजचे, नक्षी घासून गोटे झालेले टायर. पूर्वी गावात नवरदेवाचा कोटही असाच एक होता. मापाचा प्रश्न कोणी काढत नसे.

जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा गाड्यांच्या नंबरात गोंदियाला पस्तीस आला आणि दिघोरीच्या भंडाऱ्याला छत्तीस. तिघांतला एक ट्रकवाला धनराज, त्याच्या मते ट्रकवाले आणि कागदपत्रं यांचं नातं त्याच दिवशी ठरलं.

टायर घेतले होते शकुंतलाबाईंच्या नवऱ्यानं, कृष्णरावांनी. घेतले आणि आठवडा उलटायच्या आत ते तापानं गेले. बाईंनी ड्रायव्हर ठेवून ट्रक चालू ठेवला, पण टायर काही त्याला लावू दिले नाहीत. "त्याइनं हौसेनं आणले. घासून टाकाले मन होत नाही," म्हणायच्या. पासिंगला मात्र कोणालाही द्यायच्या. तिथे घासत नाहीत.

धनराजच्या पासिंगची मुदत या सोमवारी संपत होती आणि त्याच दिवशी लाखांदूरला शिबिर होतं. मंगळवारपासून खरेदी केंद्रावरून भातगिरण्यांकडे धानाची उचल सुरू होणार होती. कागद पुरे असलेल्या गाड्यांचीच लाइन लागणार, आणि पहिल्या दिवशी जी गाडी लाइनीत नसेल तिनं हंगामभर दुसऱ्यांची धूळ खायची. मागच्या वर्षी धनराजनं ती खाल्ली होती.

सोमवारी सकाळी तो गोठ्यात गेला. तिथे म्हैस होती, टायर नव्हते.

"वैनी, टायर?"

"सोमाजीनं कुठी आणून दिले?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "त्याचं पासिंग तं कवाच झालं. मले वाटलं, परस्पर तुह्याकडेच टाकले."

सोमाजी हा तिसरा ट्रकवाला. बापजादे तलावात जाळं टाकायचे, हा ट्रकात बसला. धनराजनं फोन लावला.

"सोमाजी, टायर कुठी आहेत बे?"

पलीकडे इंजिनाचा आवाज होता. सोमाजी म्हणाला, "गाडीले."

"कोणाच्या?"

"माह्याच. राजनांदगावले माल टाकून वापस येऊन राहिलो. नाराज नको होऊ गा. पासिंगहून येताना सडकेवर कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक मारला, आन गाडी उभी राह्यली."

"मंग?"

"मंग काय? उभी राह्यली म्हणतो ना. इतक्या वर्षांत माही गाडी अशी उभी राह्यली नाही. काढू नाही वाटले मले."

धनराजला रागवायचं होतं. पण ब्रेक मारला की गाडी उभी राहते ही बातमी त्यालाही नवीनच होती.

"आज माह्यं पासिंग आहे."

"मी पुढच्या सोमवारचं समजलो," सोमाजी म्हणाला. "तू गाडी घेऊन लाखांदूरले जाय. मी तिथंच येतो."

लाखांदूरला विश्रामगृहाच्या मैदानात शिबिर भरलं होतं. धनराज सगळ्यात मागे उभा राहिला आणि जो येईल त्याला पुढे सोडू लागला. या भाऊ, तुम्ही घ्या. कुंपणाजवळ भैय्यालाल पेंटर पिवळ्या रंगाचा डबा घेऊन बसला होता. पास झालेल्या गाडीवर मुदतीची तारीख लिहायचं काम त्याचं.

"आज लय दिलदार झाला गा," तो धनराजला म्हणाला. "निवडणुकीले उभा राहून राहिला का?"

दुपार कलली तेव्हा सोमाजी आला. मैदानामागच्या पडक्या गोदामाआड दोघांनी ट्रक समोरासमोर लावले, जॅक चढवले आणि पाने घेऊन भिडले. धनराजची चाकं निघाली, सोमाजीची निघाली, आणि दोन्ही ट्रक पंक्तीत पाट न मिळालेल्या पाहुण्यांसारखे अधांतरी राहिले, तेवढ्यात साहेब आडोशाला आले. ज्या कामाला आले होते ते विसरून ते बघत राहिले.

"पंक्चर?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब," धनराज म्हणाला.

"सगळीच?"

सोमाजीनं पान्याकडे बघत सांगितलं, "रस्ता खराब आहे साहेब."

साहेब एका चाकाजवळ उकिडवे बसले. कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ह्यांना मी ओळखतो," ते म्हणाले. "दिघोरीची कोणतीही गाडी आली की खाली हेच. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. ह्यांचे कायम शाबूत, आणि खाचांत तणसाच्या काड्या. दरवेळी वाटायचं, बोलावं. पण गाडी समोर असते तेव्हा टायर चांगलेच असतात, आणि मला समोर दिसेल तेच लिहिता येतं." त्यांनी मान वर केली. "यंदा केस झडलेत. चालवले कोणी?"

"मी साहेब," सोमाजी म्हणाला. "चुकलं."

"टायर चालवल्याची माफी मागणारा पहिलाच भेटलास."

"साहेब, माझी मुदत आज संपते," धनराज म्हणाला. "उद्या धानाची लाइन आहे." त्याच्याजवळ सांगण्यासारखं एवढंच होतं.

साहेब उठले, गुडघे झटकले. "लावा. ब्रेक बघतो."

चांगली चाकं धनराजच्या गाडीला लागली, त्याची गोटी सोमाजीच्या. साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, सही केली. मग भैय्यालालला हाक मारली.

"तारीख लिही. आणि ह्या गाडीचा नंबर प्रत्येक टायरवर लिही, ठळक. हा नंबर दुसऱ्या गाडीखाली दिसला तर ती गाडी परत जाईल."

भैय्यालालनं अगदी मन लावून लिहिलं. त्याचं इतकं सुंदर अक्षर धनराजनं आधी कधी पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला तो शकुंतलाबाईंच्या दारात गाडी घेऊन उभा राहिला. त्यांच्या गाडीची मुदत संपून गेली होती आणि पासिंगची तारीख पुढच्या महिन्यातली होती. त्यानं सगळं सांगितलं. बाई चाकाभोवती फिरल्या.

"राकेलनं निघन का?"

"रंग निघन. पण साहेब टायरच ओळखते, वैनी." त्यानं केबिनमधून पाना काढला. "तुम्ही म्हणसान तं आत्ताच काढून ठेवतो. उचल जुन्याच टायरवर करीन."

बाईंनी पिवळ्या आकड्यावर हात ठेवला. रंग अजून ओला होता, तो तळव्याला लागला.

"सोमाजी म्हणते, गाडी थांबते. खरं का?"

"थांबते."

"त्याइनं त्याच्यासाठीच आणले होते," त्या म्हणाल्या आणि पदराला हात पुसला. "राहू दे. सकाळी लाइनीत लाग."

"तुमची गाडी पास होईपर्यंत तुमच्या ड्रायव्हरले मी संगं घेतो. अर्ध्या खेपा तुमच्या, त्यात नवे टायर होतीन."

"ते मी सांगणारच होती," बाई म्हणाल्या.

सकाळी केंद्रापुढच्या उतारावर लाइन दिसली. धनराजनं सवयीनं चिंचेच्या झाडापासूनच ब्रेकवर पाय ठेवला. गोट्या टायरांवर त्याची गाडी झाडापासून निघून पुढच्या गाडीच्या पाठीशी कशीबशी थांबायची. आज ती झाडाखालीच थांबली. पुढे आणखी एक ट्रक सहज मावेल एवढी जागा मोकळी. बाईंचा ड्रायव्हर शेजारी बसला होता, तो त्याच्याकडे बघू लागला. धनराजला मात्र जरा वेळ तसंच बसून राहावंसं वाटलं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजवत सोमाजीचा ट्रक गोट्या टायरांवर घसरत आला, धनराजच्या बाजूनं निघाला आणि बरोबर त्या मोकळ्या जागेत, पुढच्या गाडीपासून वीतभर अंतरावर, टेकला. सोमाजीनं घाम पुसला आणि खिडकीतून मान काढली.

"मी घुसलो नाही गा," तो म्हणाला. "थांबलीच इथं."