परतीचा प्रसंग

पटकथाकाराने दारात चपला काढल्या, तेव्हा म्हातारी आतल्या पलंगावर धुतलेली चादर घालत होती.

"सिनेमा पाहिल्यापासून हेच चाललंय," धाकटी लेक कुजबुजली. तीही आता पन्नाशीची. "रोज ताईची चादर बदलते. दाराला कडी लावू देत नाही. तुम्हीच सांगा तिला काहीतरी."

थोरली एकोणिसाव्या वर्षी घरातून निघून गेली, ती गेलीच. चाळीस वर्षांत ना पत्र, ना निरोप. तिच्या बापाने त्या दुःखाची कादंबरी लिहिली. पुढे तो गेला, कादंबरी राहिली. दोन पिढ्यांनी ती शाळेत अभ्यासली. तिच्यातली मुलगी शेवटपर्यंत परतत नाही.

"लोक जड मनाने बाहेर पडले, तर दुसऱ्यांदा येतील कशाला?" कादंबरीवर सिनेमा काढताना निर्माता म्हणाला होता. मग पटकथाकाराने एका दुपारी बसून मुलगी घरी आणली. सिनेमा तुफान चालला. आठव्या आठवड्यातही तिकिटं मिळत नव्हती.

तो म्हातारीजवळ खुर्ची ओढून बसला.

"आजी, पुस्तकात ती परत येत नाही."

"मला सांगता? ह्यांनी पानन् पान वाचून दाखवलं होतं मला. शेवटचं पान ऐकलं आणि वाट बघायची सोडली मी. तेव्हा कुठे झोप लागायला लागली."

धाकटी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"सिनेमातला शेवट मी रचलाय," तो म्हणाला. "खोटा आहे तो. चुकलं माझं."

म्हातारीने हातातली उशी बाजूला ठेवली. त्याचा चेहरा निरखत राहिली.

"म्हणजे तिला तुम्ही आणलीत?"

"कागदावर, आजी. नुसती कागदावर."

"असू दे. आणलीत ना?" तिने आवाज खाली आणला. "मग तुम्हाला ठाऊक असेल. इतकी वर्षं होती कुठे ती?"

ते त्याने लिहिलंच नव्हतं. मुलगी उंबऱ्यात उभी राहते, आई धावते, संगीत सुरू होतं. त्याआधीचं कुणी विचारलं नव्हतं. निर्मात्याने नाही, प्रेक्षकांनीही नाही.

"जेवत तरी होती ना वेळेवर?"

त्याने धाकटीकडे पाहिलं. तिची पाठ हलत होती.

"हो," तो म्हणाला.

म्हातारी पलंगावर बसली आणि पुढचं ऐकायला त्याच्याकडे सरकली.