कोरस तीनदा

आन्सेल्म कूर्ताव्हेल सव्वीस वर्षं दिजोंच्या नाट्यगृहात वाद्यवृंदाचा संचालक म्हणून दुसऱ्यांचे ऑपेरे वाजवून घेत होता. स्वतःचा पहिला ऑपेरा रंगमंचावर यायला त्याला बावन्नावं वर्ष उजाडावं लागलं. तो रविवारचा दुपारचा खेळ होता आणि वरच्या गॅलरीतही पाय ठेवायला जागा नव्हती.

तिसऱ्या अंकात धोबिणींचा कोरस सुरू झाला आणि डाव्या विंगेत, कॅनव्हासच्या झाडामागे, त्याला ज्वाळ दिसली. गॅसच्या दिव्याला कापडाची कड लागली होती. प्रेक्षकांना ती दिसत नव्हती.

चोविसाव्या वर्षी तो दुसऱ्या एका गावात व्हायोलिन वाजवायचा. तिथे अशीच आग लागली होती. आग लवकर विझली, पण "आग, आग" ऐकून लोक दारांकडे धावले आणि जिन्यात एकोणीस माणसं चेंगरून मेली. शेजारी बसणारा म्हातारा गास्पार त्यातच गेला. आन्सेल्म त्याला ओलांडून पळाला होता. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

आताही पायांना तेच हवं होतं. रंगमंचापुढच्या, वादकांच्या खड्ड्यातलं छोटं दार चार पावलांवर होतं.

"मास्तर, जळकट वास येतोय," पहिला व्हायोलिनवाला प्रुव्होस्त ओठ न हलवता म्हणाला.

"माहीत आहे. वाजवत राहा."

"कुठवर?"

"मी थांबवीपर्यंत. कोरस पुन्हा पहिल्यापासून. मागे सांग."

निरोप खुर्च्याखुर्च्यांतून सरकत गेला. नायिका ओरांस हिनेही आग पाहिली होती. तिचा सूर थरथरला, नजर आन्सेल्मवर खिळली. त्याने तिला मान हलवून गायला लावलं. छडी त्याने मुठीत घट्ट आवळली. कोरस दुसऱ्यांदा झाला. ज्वाळ झाडाच्या शेंड्यापर्यंत चढली. घामाने डोळे चुरचुरू लागले. गॅलरीत कुणीतरी कंटाळून शिट्टी मारली. तिसऱ्यांदा कोरस सुरू झाला तेव्हा विंगेत अग्निशामक शिपाई आला आणि लांब काठीला बांधलेला ओला स्पंज त्याने कापडावर दाबला. धुराचा एक लोट वर गेला. प्रेक्षकांना वाटलं, नदीवरचं धुकं असेल.

खेळ संपला, लोक हसतबोलत घरी गेले. आन्सेल्म मात्र चौथऱ्यावरून उतरला नाही. प्रुव्होस्त त्याच्या पायाशी पायरीवर बसला.

"मास्तर, खरं सांगा. पळावंसं वाटलं?"

"सगळा वेळ."

"मलाही. तुम्ही हलला असतात तर मी तुमच्या आधी दारात असतो."

मग आन्सेल्मने त्याला गास्पारची गोष्ट सांगितली. प्रुव्होस्तने ती ऐकून घेतली. जाताना आन्सेल्मचा कोट तेवढा त्याच्या हातात दिला.

'कोरस तीनदा कशासाठी? कूर्ताव्हेल यांच्याकडे नव्या चाली उरल्या नाहीत काय?' असं मंगळवारच्या वर्तमानपत्रात आलं. मॅनेजर म्हणाला, "आगीचं सांगून टाकू का?"

"नको. सांगितलंत तर पुढच्या रविवारी कोण येईल?"

ऑपेराचे एकंदर सहा खेळ झाले. उरलेल्या पाचही खेळांत त्या कोरसला आन्सेल्मची मान आपोआप डावीकडे वळायची आणि ताल एक मात्रा चुकायचा. वादक मात्र चुकत नसत. तेवढ्यापुरतं ते सगळे प्रुव्होस्तकडे बघून वाजवत.